चोविसावी पिशवी

गेल्या कार्तिकात मी बायकोला पक्षी दाखवायला नाथसागराच्या धरणावर घेऊन गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच अब्रू घालवून बसलो. पाण्याच्या कडेला सात-आठ बदकं चरत होती. तांबूस रंग, मानेपाशी पांढरा पट्टा, चालण्यात एक प्रकारचा परदेशी डौल. मी दुर्बीण लावली, आवाज खाली आणला आणि सुमनला सांगायला लागलो, की बघ, ही पाखरं हिमालय ओलांडून आलीत, दिवसचे दिवस उडत, कशी दमलेली दिसतात बघ. सुमन भक्तिभावानं बघत होती. एवढ्यात मागून एक म्हातारी काठी टेकत आली, तिनं “आ, आ, आ” असा आवाज दिला आणि हिमालयातली ती सगळी पाखरं डुलत डुलत तिच्या पायांशी गोळा झाली. “हिमालयातून नाय वो साहेब,” ती म्हणाली, “बिडकीनच्या बाजारातून आणलीत म्या.” सुमन इतकी हसली की तिला दगडावर बसावं लागलं. माझं क्रांती चौकात चष्म्याचं दुकान आहे, लोकांना लांबचं नीट दिसावं हीच माझी रोजीरोटी, हेही तिनं त्या म्हातारीला लगेच सांगून टाकलं.

हसू मलाही आलं असतं, पण त्या म्हातारीला मी ओळखलं होतं. तिनं मला ओळखलं नव्हतं. आणि मी तिथं पक्षी बघायला आलोच नव्हतो, हे सुमनला ठाऊक नव्हतं. माझ्या शर्टाच्या खिशात, चष्मा पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं, ज्वारीच्या दाण्याएवढं एक ॲल्युमिनियमचं कडं होतं. ते तिथं कसं आलं हे सांगायचं तर मला माझ्या विसाव्या वर्षात परत जावं लागतं, आणि तिथं जायला मी नेहमीच टाळाटाळ करत आलोय. तेव्हा मी आजच्यापेक्षा बारीक होतो, त्या वर्षातलं सांगण्यासारखं चांगलं एवढंच.

आम्ही शहरात पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत राहायचो. दोन खोल्या, पुढं जाळीचा व्हरांडा, मागं कढीपत्त्याचं झाड. अण्णा खात्यात कारकून. मूळचे देवगाव रंगारीचे, शेतीवाडीतले, पण हातात नांगराऐवजी टाक आला आणि तो त्यांनी असा धरला की खात्यातला कुठलाही महत्त्वाचा कागद त्यांच्या अक्षरात उतरल्याशिवाय साहेबांपुढं जायचा नाही. घरातले आवाज ठरलेले. पहाटे मायच्या भाकरी थापण्याचा, मग अण्णांच्या खाकरण्याचा, आणि दुपारभर शिलाई मशीनचा. माय वसाहतीतल्या बायकांची परकर-पोलकी शिवायची. येसर आमटी उकळत ठेवून ती मशीनवर बसायची आणि आमटीचा वास बदलला की पायडल तसंच थांबवून उठायची. त्या आमटीचा तिखट वास आमच्या सगळ्या कपड्यांना असायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारा दहाच्या सुमारालाच म्हणायचा, “दिगू, आज आमटी व्हय?”

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला देशपांडे सर होते. उंच, वाकलेले, कायम सर्दी झालेले. दसरा झाला की ते धरणाच्या काठावर तंबू ठोकायचे आणि दिवाळीपर्यंत पाखरं धरून त्यांच्या पायांत कडी घालायचे. कड्यावर बारीक आकडा आणि पत्ता असायचा. तेच पाखरू पुढं दुसऱ्या कुणाला सापडलं की त्या माणसानं पत्र टाकायचं, म्हणजे कळायचं की ते कुठून कुठं जातं. सरांनी हजारांनी कडी घातली होती. पत्र एकही आलं नव्हतं. आणि दुसऱ्या कुणी घातलेलं कडं सरांच्या जाळ्यात कधी आलं नव्हतं. ते सर्दीच्या आवाजात म्हणायचे, “एक, फक्त एक पाखरू तिकडचं कडं घेऊन येऊ दे, मी मरायला मोकळा.” आम्ही पोरं मागं हसायचो. सरांची नक्कल मला उत्तम जमायची.

माझी निवड हुशारीवर झाली नव्हती, अक्षरावर झाली होती. अण्णांचं अक्षर माझ्यात उतरलं होतं आणि सरांना नोंदवही लिहायला माणूस हवा होता. त्याशिवाय सरांनी मायला एक काम दिलं. जाळ्यातून काढलेलं पाखरू आधी कापडी पिशवीत ठेवतात, अंधारात ते शांत राहतं. तसल्या पिशव्या हव्या होत्या. मायनं अण्णांचं जुनं धोतर आणि दोन पायजमे फाडून चोवीस पिशव्या शिवल्या, तोंडाशी परकराची नाडी ओवली, आणि मी सांगितल्याप्रमाणं प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं आकडा काढला. “पाखरांला पायजमे शिवायला लावलेत मला,” ती म्हणायची, पण शेजारणींना त्या पिशव्या कौतुकानं दाखवल्याही तिनंच. पिशवीचे नियम कडक होते. भरलेली पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, टेबलावर ठेवायची नाही. बाभळीला बांधलेल्या दोरीवर टांगायची. रिकामी झाली की उलटी करायची, म्हणजे आत काही राहिलं नाही हे लांबूनही दिसतं. सकाळी चोवीस मोजून काढायच्या, उन्हं चढली की चोवीस मोजून ठेवायच्या.

आणि जाळी लावायला होते गुलाबमामा. गुलाब काळे, जातीनं पारधी, तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. त्यांचं पाल आमच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर, तिथं त्यांची बायको शेवंता. सरांची जाळी मुंबईहून आलेली, केसासारखी बारीक, पण ती कुठं लावायची हे सरांच्या पुस्तकात नव्हतं, ते गुलाबमामांच्या डोळ्यांत होतं. पाणकणसाच्या बेटाकडं बघून ते म्हणायचे, “हितून उठतील, हितं वळतील,” आणि पाखरं खरोखर तिथंच वळायची. आम्ही ज्याला पुस्तकात पिवळा धोबी म्हणायचो त्याला ते परीट म्हणायचे. जाळ्यात गुरफटलेलं पाखरू सोडवताना त्यांची जाडजूड बोटं अशी चालायची, की मायचं सुईत दोरा ओवणं आठवायचं. मी सोडवायला गेलो की गुंता वाढायचा. मग ते माझे हात बाजूला करायचे. “दिगू, तू लिव्ह. लिव्हायचं काम लई चांगलं. त्यात पाखरू मरत नाय.”

हे वाक्य मला पुढं फार वर्षं पुरलं.

त्या वर्षी गुलाबमामांचं एक काम चाललं होतं. धरणाच्या काठावर खात्याला एक कायमचा पहारेकरी नेमायचा होता. सरांनी ठरवलं की तो गुलाबच असला पाहिजे, काठ त्याच्याइतका कुणाला ठाऊक नाही आणि एकदा खाकी अंगात आली की पोलीस उठसूट त्याला उचलणार नाहीत. आजूबाजूला कुठं कोंबडी चोरीला गेली तरी पहिली लाथ त्यांच्या पालाला बसायची. सरांनी अर्ज सांगितला, अण्णांनी तो आपल्या अक्षरात उतरवला. अण्णा दोन संध्याकाळी त्यावर बसले होते. गुलाबमामा एकदा बाजाराच्या दिवशी शहरात आले तेव्हा आमच्या व्हरांड्यात उकिडवे बसून त्यांनी तो कागद दोन्ही हातांत धरून पाहिला. वाचता येत नव्हतं. “ह्यात माजं नाव कंचं?” अण्णांनी बोट ठेवलं. ते बराच वेळ त्या जागेकडं बघत राहिले. मायनं त्यांना आमटी-भाकरी वाढली, पण ताट बाहेर व्हरांड्यातच दिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता लिहिताना वाटतं.

त्या अर्जावर सही करायला म्हणून मोठे साहेब एका सकाळी तळावर येणार असं ठरलं. मोठे साहेब म्हणजे अण्णांचे साहेब. जीपमधून येणार, पाखरं बघणार, चहा घेणार, सही करणार. फाइल घेऊन अण्णाही बरोबर येणार. अण्णा मला काम करताना पहिल्यांदाच बघणार होते. थंडीचं निमित्त करून मी आदल्या दिवशी अण्णांचा लग्नातला काळा कोट मागून घेतला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. मला वाटत होतं, मी शास्त्रज्ञ दिसतो. गुलाबमामा म्हणाले, “काय रं, वकिली चालू केली का काय?”

दिवस उजाडला तो धुक्याचा. पाण्यावरून गार वारं येत होतं. सर साहेबांना आणायला रस्त्यापर्यंत गेले होते. मी पाणकणसाच्या बाजूला गुलाबमामांच्या पाठीमागं पिशव्या धरून उभा. तिसऱ्या जाळ्यात एक पिवळा धोबी लटकला होता. मामांनी त्याला सोडवलं आणि एकदम थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “दिगू. ह्याच्या पायात आधीच हाय.”

मी वाकून पाहिलं. काळ्या काडीएवढ्या पायावर झिजलेलं कडं, आणि त्यावरची अक्षरं आपली नव्हती. काही तर ओळखीचीसुद्धा नव्हती. मला सरांची सर्दी आठवली, मरायला मोकळा होणं आठवलं, आणि माझ्या मनात आनंदाची नुसती उकळी फुटली. मामांनी पाखरू पिशवीत घालून नाडी ओढली. चोवीस नंबरची पिशवी. “गारठलंय. दोरीवर टांगू नको, वारं हाय. उबेत ठिव. पर ध्यानात ठिव.” थंडीत लहान पाखरू असं अंगाशी ठेवायची पद्धत होतीच, सरही ठेवायचे. मी पिशवी कोटाच्या खिशात सरकवली. खिशात बारीक धडधड लागत होती. मामा पुढच्या जाळ्याकडं गेले आणि मी तळाकडं निघालो.

खरं तर मी तेव्हाच रस्त्याकडं धावत जाऊन सरांना सांगायला हवं होतं. पण मला ते अण्णांसमोर सांगायचं होतं. साहेबांसमोर. चहा होईल, सगळे बसतील, सर अर्जाचं बोलतील, आणि मग मी हळूच खिशात हात घालीन. माझ्या डोक्यात तो प्रसंग सगळा तयार होता, अण्णांच्या चेहऱ्यासकट. आजही दुकानात नवीन फ्रेम दाखवताना मी डबी एकदम उघडत नाही, ही खोड तेव्हाचीच.

जीप आली. साहेब उतरले. देह भरभक्कम, मफलर, स्वेटर. तळावर एकच लोखंडी खुर्ची, दवानं ओली झालेली. साहेबांनी खुर्चीकडं पाहिलं, मग अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि कोटाकडं डोळ्यांनी खूण केली. आमच्या घरात अण्णांच्या डोळ्यांची खूण म्हणजे हुकूम. मी झटकन कोट काढला, त्याची घडी केली आणि दोन्ही हातांनी खुर्चीवर अंथरला. इतका चपळ मी आयुष्यात पुन्हा झालो नाही. साहेब म्हणाले, “वा, पोरगा हुशार आहे,” आणि बसले.

खुर्ची करकरली तेव्हा मला आठवलं.

आता जे सांगतोय ते मी गेल्या कार्तिकापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या क्षणी मला ‘साहेब, उठा’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. लगेच म्हटले असते तर पाखरू वाचलं असतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित खिसा घडीत बाजूला राहिला असेल, कदाचित नसेल. पण मी म्हटले नाहीत. अण्णा समाधानानं माझ्याकडं बघत होते. मी कप विसळायला घेतले. साहेब चहा प्यायले, दुसऱ्यांदा प्यायले, मागं रेलले, पुढं वाकले, सरांनी पिवळा धोबी किती हजार मैल उडतो ते सांगितलं, साहेब “कमाल आहे” म्हणाले, आणि मी प्रत्येक हालचालीला ती खुर्ची ऐकत उभा राहिलो.

तेवढ्यात गुलाबमामा हातात चार भरलेल्या पिशव्या घेऊन आले. चेहरा फुललेला. दोरीवर पिशव्या टांगून, डोक्याचं फडकं काढून त्यांनी आधी साहेबांना रामराम केला आणि सरांना विचारलं, “पाह्यलं का सर? कडंवालं परीट?”

“कुठलं कडंवालं?” सर म्हणाले.

“तिकडलं कडं हाय त्येच्या पायात. दिगूजवळ देलंय की.”

सर उभे राहिले ते मी अजून विसरलेलो नाही. चहाचा कप त्यांच्या हातातून खाली गेला. “दिगंबर, कुठंय?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सदऱ्यात होतो. कोट साहेबांच्या खाली होता. मी म्हणालो, “दोरीला टांगली होती.”

गुलाबमामांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या सदऱ्याकडं. मग खुर्चीकडं, जिथं काळ्या कोटाची एक बाही बाहेर लोंबत होती. मग माझ्या वडिलांकडं. हे सगळं एका श्वासात. त्यांना कळलं, हे मला कळलं. मी वाट बघत राहिलो की ते आता बोलतील. ते बोलले नाहीत.

दोरीवरच्या पिशव्या उतरवल्या, बाकीच्या आणल्या, सगळ्या चाचपून मोजल्या. तेवीस. सर गवतात गुडघ्यांवर बसून शोधत होते. साहेबांनी विचारलं, “हा माणूस कोण?” अण्णांनी सांगितलं, अर्ज यांचाच आहे, गुलाब काळे. “काळे म्हणजे?” अण्णा म्हणाले, “पारधी.” साहेब हसले. “मग गवतात काय शोधताय, देशपांडे?”

सर म्हणाले, “नाही नाही, साहेब, तो तीन वर्षं माझ्याबरोबर आहे.” पण ते एकदाच म्हणाले, आणि सर्दीच्या आवाजात. साहेबांबरोबर जीपमधून आलेला शिपाई पालाकडं गेला, आम्ही सगळे मागोमाग. शेवंता चुलीपुढून उठून उभी राहिली. पालात गोधड्या होत्या, एक पत्र्याची पेटी होती, चुलीवर मासळीचं कालवण शिजत होतं. शिपायानं गोधड्या काठीनं उचकटल्या आणि तीच काठी कालवणात घालून तळापर्यंत ढवळली. भांडं कलंडलं. लाल रस्सा राखेत गेला, चर्र झालं. शेवंता म्हणाली, “मासळी हाय वो. मासळी हाय.” गुलाबमामा फडकं हातात घेऊन उभे होते. काहीच सापडलं नाही. साहेब म्हणाले, “सापडणार कसं? एवढंसं पाखरू. पोटात गेलं असेल.”

अर्जाची फाइल अण्णांच्या काखेतच राहिली. टेबलाशी परत आल्यावर सर मला म्हणाले, “लिही. पिवळा धोबी एक, परदेशी कडं, आकडा वाचता आला नाही. पक्षी गहाळ.” साहेब मागं उभे होते. “गहाळ कसला? चोरीस गेला, लिहा. कोणी नेला तेही लिहा.” सरांनी रुमालानं नाक पुसलं. मी शेऱ्याच्या रकान्यात ते लिहिलं, गुलाब काळे हे नाव घालून. अक्षर सुरेख आलं. साहेबांनी वाकून पाहिलं आणि अण्णांना म्हणाले, “तुमचंच वळण आहे हो.”

त्यांची जीप गेल्यावर मी खुर्चीवरून कोट उचलला. खिशात हात घातला नाही, वरून चाचपला. मग बसमधून घरी येताना बिडकीनला भज्यांचा वास आला आणि मी खिडकीतून ओकलो.

पाखरू मी कढीपत्त्याखाली पुरलं. त्याआधी कडं काढून घेतलं. का काढलं ते आजही सांगता येत नाही. पिशवी मात्र घाईत खिशात तशीच राहिली आणि कोट धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन थांबलं. माय धुतलेल्या पिशव्यांची चळत घेऊन आली, तळावरून मीच त्या धुवायला आणल्या होत्या. चळतीवर सगळ्यात वर, लाल आकडा दिसेल अशी, चोवीस नंबरची. “ही येगळी घावली,” ती म्हणाली. घरात दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचा वास होता. अण्णांनी काल जेवताना सगळं सांगितलं होतं, सही राहिली तेही. मायनं ती पिशवी चळतीवरून उचलून बाजूला ठेवली. मग तिनं विचारलं, “त्या माणसाला लेकरंबाळं हायत का रं?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. मला माहीत होतं. दोन मुली, त्यांची नावंसुद्धा माहीत होती.

माय आत गेली आणि मशीन पुन्हा सुरू झालं. तिनं अण्णांना सांगितलं नाही, आणि ते माझ्यासाठी सांगितलं नाही की अण्णांसाठी, हे तिच्याबरोबर गेलं. त्या दिवाळीला मी चकली खाल्ली. चांगली झाली होती. पुढं मी प्राणिशास्त्र सोडलं आणि चष्म्याच्या धंद्यात पडलो. सर निवृत्त झाले, ते कडंवालं पाखरू पुन्हा न भेटताच वारले. अण्णाही गेले. कड्यावरचा आकडा मला भिंगाखाली स्पष्ट वाचता येतो, दुकानात भिंगांना काय तोटा? पण तो कुठं कळवायचा तर पाखरू माझ्या हाती कसं आलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून ते कुठून आलं होतं, हे आजतागायत कुणालाच ठाऊक नाही.

तर ती बदकांची म्हातारी शेवंता होती. मी तिला विचारलं, “गुलाबमामा आहेत का?” तिनं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं. सुमनचं हसू थांबलं. “तू लिव्हणारा,” शेवंता म्हणाली. आणि काठीनं वाट दाखवत पुढं चालू लागली.

आता पत्र्याचं घर होतं. गुलाबमामा दारात बाजेवर बसले होते, वाळून हाडं झालेले, डोळ्यांत मोतीबिंदू. मी पायांशी बसलो आणि सांगितलं. कोट, खुर्ची, साहेब, वहीतला शेरा, सगळं. सुमन मागं उभी होती, तीही ऐकत होती.  मामा म्हणाले, “व्हय. दिसलं हुतं मला. बाही लोंबत हुती.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? साहेबाला उठवू? तुजा बाप हुभा हुता तिथं. बापाच्या म्होरं लेकाचा खिसा उलटा करायचा, त्यातून मेलेलं पाखरू काढायचं, त्येच्या साहेबाच्या बुडाखालून.” ते थोडं हसले, दात नव्हते. “म्हणलं, पोरगं हाय, सांगंल. आज नाय तं उद्या. दोन दिस म्या त्या रस्त्याला बसून हुतो. बस आली की उठायचो. मंग सोडून देलं.”

“दोन दिस,” शेवंता चुलीजवळून म्हणाली. “आन मंग चौदा वर्सं ऊस तोडला, ते सांगा की. पोरी कोयत्यावर वाढल्या, ते सांगा. आता चहा पाजा त्येला.” तिनं चहा केला. कप माझ्यापुढं आपटलाच, पण गोड केला होता. व्हरांड्यातल्या त्या ताटाची मला आठवण झाली; इथं मला पायांपासून उठवून बाजेवर, मामांशेजारी बसवलं होतं.

मी फडकं उलगडून कडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांना दिसत नव्हतं, बोटानं चाचपून पाहिलं. “हेच व्हय? लई हलकं हाय.” मग विचारलं, “कुटलं हुतं रं ते?”

मी म्हणालो, मला माहीत नाही.

“इतक्या वर्सांत इचारलं नाय कुणाला?” त्यांनी कडं परत माझ्या हातात दिलं. “मंग तुज्याजवळच राहू दे. म्या घेऊन काय करू.”

आम्ही परत निघालो. बिडकीनच्या पुढं आता रस्ता रुंद झालाय, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, गाडी आपोआप पळते. मला मनातून थोडं हलकं वाटत होतं, हे कबूल करतो. एवढी वर्षं राहिलेलं काम एकदाचं झालं, असं काहीतरी. क्रांती चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी ते सुमनला म्हणालोसुद्धा, की बरं झालं, सांगून टाकलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या लाल दिव्याकडं बघत म्हणाली, “अहो, त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कॉलेजच्या त्या वहीत मात्र अजून तेच लिहिलेलं असेल ना? तुमच्या अक्षरात?”